तातडीचं वेळापत्रक

ब्रिटनमध्ये लागोपाठ चार वर्षं जानेवारीत एक आकस्मिक संकट यायचं. २०२१, २०२२, २०२३, २०२४. नाताळची सुट्टी संपायची, मंत्रिमहोदय कार्यालयात रुजू व्हायचे आणि टेबलावर अर्ज तयार असायचा : शुगर बीटवर मावा येण्याचं लक्षण आहे, मावा आला की पिवळ्या रोगाचा विषाणू येणार, तरी थायामेथोक्झामची बीजप्रक्रिया करू देण्याची तातडीने कृपा व्हावी. हे थायामेथोक्झाम मधमाश्यांना घातक म्हणून अख्ख्या युरोपात २०१८ साली उघड्या शेतातून हद्दपार झालेलं; ब्रिटन तेव्हा त्याच घरात होता. मंत्री अर्ज वाचायचे, गंभीर व्हायचे आणि सही करायचे. आपल्याकडे दिवाळीसुद्धा दरवर्षी दहा-वीस दिवस मागेपुढे होते. या तातडीचा मात्र महिना कधी चुकला नाही.

पाचव्या जानेवारीत, म्हणजे २०२५ साली, सरकार बदललेलं होतं. अर्ज आला आणि नामंजूर झाला. तातडी बिचारी तोंड पाडून परत गेली.

मावा खरा होता, हे आधी मान्य करू. बटाटा-मिरचीवर आपल्याकडेही दिसतो त्याच जातीचा हिरवा मावा. २०२० साली त्याने विलायतेतलं आणि फ्रान्समधलं बीट अक्षरशः पिवळं पाडलं. शेतकऱ्यांनी सोसलेलं नुकसान काही कागदावरचं नव्हतं. शिवाय तिथला बीटवाला आपल्या ऊसवाल्यापेक्षाही अडकलेला. संपूर्ण देशात बीटपासून साखर काढणारे कारखाने चार, आणि चारही एकाच कंपनीचे. ना दुसरा गाळपाला नेणारा, ना वजनकाट्यावर भांडायला दुसरा काटा. आपल्या साखरसम्राटांनी हे वाचलं तर एखादा अभ्यासदौरा नक्की निघेल.

तर २०२१ साली परवानगी निघाली, पण एक अट घालून : रोगाचा अंदाज ९ टक्क्यांच्या वर गेला तरच हे बियाणं पेरायचं. त्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली, मावा गारठून मेला, अंदाज उंबरठ्याच्या आतच राहिला आणि परवानगी कपाटात पडून राहिली. मंत्र्यांच्या सहीने जे करायचं ठरलं होतं ते थंडीने विनाअर्ज करून टाकलं. पुढच्या वर्षी उंबरठा १९ टक्के. अंदाज ६८च्या घरात. बियाणं पेरलं. त्याच्या पुढच्या वर्षी उंबरठा उचलून एकदम ६३ वर नेला. अंदाज निघाला साधारण ६७. पेरलं. २०२४ साली ६५चा उंबरठा आणि ८३चा अंदाज. पेरलं. सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०२२ साली नको म्हणून सांगितलं, २०२३ साली पुन्हा नको म्हणून सांगितलं. समितीचं असं असतं की तिचा सल्ला घ्यावा लागतो. ऐकावा लागतो असं कुठे लिहिलेलं नाही. हे मात्र विलायतेने आपल्याकडून उचललं की आपण त्यांच्याकडून, हा संशोधनाचा विषय आहे.

आणि हेच सरकार, म्हणजे हाच पक्ष, २०१७ साली मायकल गोव्ह पर्यावरणमंत्री असताना छातीठोकपणे म्हणत होता की मधमाश्यांचा जीव धोक्यात घालणं आपल्याला परवडणारं नाही. ससेक्स विद्यापीठाचे डेव्ह गोल्सन नावाचे प्राध्यापक आहेत, आयुष्य मधमाश्या आणि भुंग्यांमागे घालवलेले. त्यांचा हिशेब असा की या जातीच्या कीटकनाशकाचा एक चमचा सव्वाशे कोटी मधमाश्यांना पुरतो. चहाचा चमचा. सव्वाशे कोटी हा आकडा आपल्याला निवडणुकीच्या भाषणांतून चांगला ओळखीचा आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

सरकारी बाजू अशी : बीटला फुलं येण्याआधीच ते उपटतात, मग मधमाशी तिथे जाईलच कशाला? बरोबर आहे. बीट दोन वर्षांचं पीक, पहिल्याच वर्षी कारखान्यात जातं. पण बियाण्याला लावलेलं औषध सगळंच्या सगळं बीट थोडंच पितं? बराचसा भाग मातीत उतरतो आणि तिथे मुक्काम ठोकतो. त्यावरही सरकारने तोडगा काढला. त्या शेतात पुढे ३२ महिने मधमाश्यांना आवडणारं फुलाचं पीक घ्यायचं नाही. आणि बीटमध्ये, बांधाकडेला तणं उगवून ती फुलली तर? तर तणनाशकाचं वेळापत्रक काटेकोर पाळायचं, म्हणजे फुलणारी तणं कमी राहतील. २०२१च्या परवानगीत ही अट होती. मधमाशीला विषारी फूल मिळू नये म्हणून फूलच मिळू द्यायचं नाही. एवढी काळजी कुणी आपल्या पोटच्या पोराचीही घेत नसेल.

युरोपात राहिलेल्यांची तऱ्हा वेगळी नव्हती. त्यांच्या २००९च्या कायद्यात ५३ क्रमांकाचं कलम आहे. खास परिस्थितीत, दुसऱ्या कुठल्याही वाजवी मार्गाने आटोक्यात न येणारं संकट आलं, तर जास्तीत जास्त १२० दिवसांसाठी नाकारलेलं औषध वापरू द्यावं. कलम चांगलं आहे. टोळधाड आली तर नियमांची वही उघडून बसणारं सरकार कुणालाच नको. पण १२० दिवस हा काय मजेशीर आकडा आहे पाहा. पेरणीचा हंगाम त्यात आरामात बसतो. आणि पुढच्या वर्षी पुन्हा १२० दिवस मागायला कायद्याची ना नाही. २०२० आणि २०२१ मिळून अकरा देशांनी बीटसाठी अशा १७ परवानग्या दिल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्या तपासल्या आणि निकाल दिला : सतराच्या सतरा योग्य. सतरापैकी सतरा! दहावीच्या निकालातसुद्धा एखादा एटीकेटीवाला निघतो.

फ्रान्सची गोष्ट तर सरळ नाटकात बसवावी. २०१६ साली या औषधांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा जैवविविधतेच्या राज्यमंत्री होत्या बार्बरा पोम्पिली. त्यांनी तो किल्ल्यासारखा लढवला. २०२० साली बीटला त्यातून सूट देणारा कायदा आला तेव्हा पर्यावरणमंत्री कोण? बार्बरा पोम्पिली. आपल्याकडे यासाठी निदान पक्ष तरी बदलावा लागतो.

शेवटी बेल्जियममधल्या एका मधमाशीपालकाने आणि दोन संघटनांनी खटला नेला, आणि १९ जानेवारी २०२३ रोजी (पुन्हा जानेवारीच) युरोपीय न्यायालयाने सांगितलं की या प्रक्रिया केलेल्या बियाण्यांवर युरोपने स्पष्ट बंदी घातलेली असताना देशांना तातडीचं कारण पुढे करून ती पेरू देता येणार नाहीत. चार दिवसांत फ्रान्सने त्या वर्षीची सूट गुंडाळली. मग २०२५ साली त्याच कुळातलं दुसरं औषध, ॲसिटामिप्रिड, मागच्या दाराने आणायचा कायदा केला. वीस लाखांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या ठोकल्या आणि ऑगस्टमध्ये तिथल्या घटना परिषदेने ते कलम छाटलं.

माझं म्हणणं मावा मारण्याच्या विरोधात नाही, शेतकऱ्याच्या तर नाहीच. बंदीची चाहूल २०१३ सालीच लागली होती, २०१८ साली शिक्कामोर्तब झालं. मधल्या काळात रोगाला दाद न देणारं बीटचं वाण काढायला, मित्रकीटकांवर काम करायला, नुकसानीचा विमा उभा करायला कुणी हात बांधले नव्हते. ‘दुसरा वाजवी मार्ग नाही’ असं दरवर्षी लिहून द्यायचं असेल, तर दुसरा वाजवी मार्ग तयार होऊ न देणं हे ओघानेच आलं. अर्ज लिहिणं संशोधनापेक्षा स्वस्त पडतं.

आता यात नाशिकच्या द्राक्षवाल्याचा काय संबंध? सांगतो. न्यायालयाचा निकाल लागून पंधरा दिवस होतात न होतात तोच, फेब्रुवारी २०२३मध्ये, युरोपने आणखी एक नियम काढला. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांचा अंश बाहेरून येणाऱ्या मालातही जवळजवळ शून्यावर आणायचा, मार्च २०२६ पासून. कारण? जगभरच्या मधमाश्यांची काळजी. आदल्या वर्षापर्यंत स्वतःच्या शेतात तातडीने पेरत होते ते हेच. पण आपला द्राक्षवाला या वाटेवर मुरलेला आहे. २०१० साली लिहोसीन नावाच्या औषधाच्या अंशापायी त्याचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हापासून ‘ॲनेक्शर पाच’ ही मान्य औषधांची यादी त्याला पंचांगासारखी पाठ असते. कुठलं औषध, एकरी किती, काढणीआधी किती दिवस बंद. त्याच्याशी पाच मिनिटं बोला, तो तीनदा ‘पीएचआय’ म्हणेल आणि दोनदा ‘लेबल क्लेम’. युरोपच्या पोटासाठी एवढा अभ्यास करणारा माणूस आपल्या पोटासाठी त्याच्या निम्मा करत नाही, कारण वाशीच्या मार्केटात त्याला कुणी रेसिड्यूचा रिपोर्ट विचारत नाही. भाव तेवढा विचारतात, तोही पाडून.

आपल्याकडे तातडीची परवानगी नसतेच असं नाही. २०१८ साली लष्करी अळी कर्नाटकातून आली आणि सोलापूरकडच्या मक्यात-उसात शिरली, तेव्हा केंद्रीय कीटकनाशक मंडळाने मक्यासाठी काही औषधांना तात्पुरती मान्यता दिली. ते रास्तच होतं. अळी नवी होती, पुस्तकात तिचं पानच नव्हतं. पण एरवी इथे अशा अर्जांची गरज पडत नाही. आपला कारभार नेमका उलटा आहे. तिकडे बंदी कायमची आणि मुभा १२० दिवसांची. इकडे मुभा कायमची आणि बंदी ६० दिवसांची.

थट्टा नाही. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात राज्याला आपल्या हाताने एखादं औषध कायमचं बंद करता येत नाही. तो अधिकार दिल्लीचा. राज्य फार तर तात्पुरती बंदी घालू शकतं. पंजाब तेच करतं. बासमतीत अंश सापडले की निर्यात अडते, म्हणून गेली काही वर्षं दर पावसाळ्यात आठ-दहा औषधांवर ६० दिवस बंदी. २०२२च्या यादीत कोण होतं? थायामेथोक्झाम. ज्या वर्षी इंग्लंडात त्याला तातडीने आत घेतलं, त्याच वर्षी पंजाबात त्याला तातडीने बाहेर काढलं. साठ दिवस झाले की ते परत दुकानात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तातडी. दोन्हीकडे वेळापत्रक आहे, एवढं मात्र मानलं पाहिजे.

आणि यवतमाळ. २०१७चा खरीप. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळीने थैमान घातलं होतं. कमरेएवढ्या झाडावर फवारताना तुषार पुढे पडतो. डोक्याएवढ्या झाडावर फवारताना तो तोंडावर येतो. बॅटरीचा पंप पाठीवर, नाकाला रुमाल, अंगात भिजलेला सदरा, ओळीतून पुढे चालत राहायचं आणि स्वतःच्याच फवाऱ्यात शिरायचं. फवारणारा बहुतेक वेळा शेताचा मालक नसतो. रोजाने आलेला असतो, आज या वावरात, उद्या त्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर माणसं दवाखान्यात येत राहिली. कुणाचे डोळे गेले, कुणी शुद्धीवर आलाच नाही. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. मग सरकार हललं. पाच औषधांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत बंदी आली : प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, मोनोक्रोटोफॉस. किती दिवस? साठ. कधीपासून? नोव्हेंबरपासून. फवारणी उरकून कापूस वेचायला घेतल्यावर.

चूक कुणाची, हेही लगेच ठरलं : शेतमजुरांनी मास्क आणि हातमोजे घातले नव्हते. हे ठरवणाऱ्या साहेबांना सप्टेंबरच्या दमट उन्हात, रबरी कोट-टोपी-चष्मा चढवून, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन एक तास कपाशीत फिरवायला हवं होतं. एसी गाडी बांधावर उभी ठेवायला माझी हरकत नाही.

स्वित्झर्लंडने मात्र २०२१ पासून पाच औषधं बाहेर पाठवणं बंद केलं. त्यांच्या पाचात आणि आपल्या पाचात दोन नावं सारखी आहेत, प्रोफेनोफॉस आणि डायफेन्थियुरॉन. त्यांनी मात्र ६० दिवसांची मुदत घातली नाही. तिकडच्या कारकुनाला बहुधा आपलं कलम माहीत नसावं.

कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन तासभर बाकावर बसा. माणूस येतो, हातात किडलेलं पान किंवा मोबाईलमध्ये फोटो.

“भाऊ, हे काय पडलं पऱ्हाटीवर?”

“हे एक घ्या. अन् सोबत हे टाका. अन् हे टॉनिक.”

“एकाच पंपात?”

“एकाच. येगळं येगळं मारायले मजूर भेटते का तुम्हाले?”

बाटलीवर लाल त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आत घडी घातलेला कागद असतो, अनेक भाषांत छापलेला, अक्षर एवढं बारीक की भिंग हवं. त्यात सगळं लिहिलेलं असतं : प्रमाण, काळजी, विषबाधेवर उतारा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायचं नाही, हा नियम २००५ सालचा. बाटली मात्र त्याच काउंटरवरून त्याच हाताने दिली जायची. ती कपाशीवर चालली की वांग्यावर, हे तिला कोण विचारणार, आणि ती तरी काय सांगणार? २०१३ साली बिहारात छपऱ्याजवळच्या शाळेत मध्यान्ह भोजनाच्या तेलात हेच औषध गेलं आणि २३ मुलं दगावली. देश हादरला, चर्चा झाल्या. मे २०२०मध्ये केंद्राने २७ कीडनाशकं बंद करण्याचा मसुदा काढला. हरकतींसाठी ४५ दिवस दिले. हरकतींना एवढा वेळ पुरेना, म्हणून ९० केले. मग समिती. २०२३ साली अंतिम आदेश निघाला. २७पैकी पूर्ण बंदी तिघांवर : डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल. शिवाय मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण, पण आधीचा माल खपवायला वर्षभराची सवलत ठेवून. काहींची काही पिकांपुरती मान्यता काढली. छपऱ्याची घटना ते बंदीचा आदेश, दहा वर्षं. यात तातडी कुणाला दिसली नाही.

विषारी औषधाला मनुष्यबळाचं कुंपण घालायची कल्पनाही आपल्याकडे निघाली. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्राने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणला : हे तणनाशक यापुढे फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरच्या हातून वापरायचं. कंपन्यांनी तसं ठळक अक्षरांत लेबलवर छापायचं. तेही कुठे, तर चहाच्या मळ्यात आणि पीक नसलेल्या जागेत; कारण इथे ग्लायफोसेटला मान्यता तेवढीच. विदर्भात चहाचे मळे किती, हे सुज्ञांस सांगणे न लगे. तरीही खुरपणीला मजूर मिळत नाहीत म्हणून ते किती बांधांवर आणि किती वावरांत पडतं, हे कृषी सहायकापासून आमदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तणनाशकाला न जुमानणारं कपाशीचं बियाणं तर मान्यताच नसताना पेरलं जातं. २०१९ साली अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून दाखवलं होतं. म्हणजे मान्यता नसलेलं बियाणं, त्यावर मान्यता नसलेली फवारणी, आणि ती करायला मान्यताप्राप्त माणूस हवा.

हा माणूस सापडतो का पाहावं म्हणून तालुक्याच्या गावी बोर्ड लावून बसलेल्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. वाळवी, झुरळं, ढेकूण, उंदीर. म्हटलं, तणनाशक मारायचं आहे, दहा एकर, येणार का?

“आपला रेट स्क्वेअर फुटाचा आहे साहेब. एकर म्हणजे किती स्क्वेअर फूट?”

“त्रेचाळीस हजार पाचशे साठ.”

“गुणिले दहा?”

“गुणिले दहा.”

पलीकडे कॅल्क्युलेटरची खटखट झाली. मग म्हणाला, “एवढं मोठं काम असेल तर सोसायटीचं लेटरहेड लागेल. चेअरमनची सही घेऊन या.”